समुद्राची मोजणी आणि जमिनीची मालकी

सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या विद्यार्थिनीने मला तीन प्रश्न लिहून पाठवले आहेत. भारत आणि बांगलादेश यांच्यातली सागरी सीमा लवादाने २०१४ मध्ये आखून दिली आणि वादातले बहुतेक क्षेत्र बांगलादेशाला जाऊनही भारताने ती मानली. मग त्याच्या तुलनेत एवढासा असलेला, पाकिस्तानबरोबरचा सर क्रीक या कच्छमधल्या खाडीचा वाद आजवर का सुटला नाही? दक्षिण चीन समुद्राबाबतचा २०१६ चा निवाडा चीनने धुडकावला. मग सागरी कायद्याचा उपयोग तरी काय? आणि या सगळ्यात आपला मच्छीमार तुरुंगात का जातो? तिन्ही प्रश्नांचे मूळ एकच असल्यामुळे मी त्यांना एकत्रच उत्तर देतो.

नौदलाच्या जलमापन शाखेत मी बरीच वर्षे काम केले. समुद्राची खोली मोजायची, भरती-ओहोटीच्या नोंदी घ्यायच्या आणि त्यावरून सागरी नकाशे तयार करायचे, हे आमचे काम. निवृत्तीनंतर पुण्यात स्थायिक झालो आणि वडिलोपार्जित शेतीच्या निमित्ताने भूमी अभिलेख खात्याशी संबंध आला. (राज्याच्या जमाबंदी आयुक्तांचे मुख्य कार्यालय याच शहरात आहे, हे तुम्हाला माहीत असेलच.) भोर तालुक्यातल्या आमच्या शेताची हद्द कायम मोजणी झाली, तेव्हा लगतच्या खातेदाराने ही जमीनच मुळात आपली आहे असा वाद काढला. भूकरमापकाने शांतपणे सांगितले की, नोंदीप्रमाणे हद्द कुठून जाते ते मी दाखवून देईन, पण जमीन कोणाची हे ठरवण्याचा अधिकार मला नाही, त्यासाठी दिवाणी न्यायालयात जावे लागेल. आशियातले सीमावाद समजून घेण्यासाठी मला या एका वाक्याचा जेवढा उपयोग झाला, तेवढा अनेक ग्रंथांचा झाला नाही. मोजणीचा वाद आणि मालकीचा वाद हे वेगळे वाद आहेत, आणि समुद्राबाबत सक्तीने निवाडा देणारी आंतरराष्ट्रीय व्यवस्था केवळ मोजणीपुरती आहे.

१९८२ मध्ये स्वीकारलेला आणि १९९४ मध्ये अमलात आलेला संयुक्त राष्ट्रांचा सागरी कायदा करार एका जुन्या तत्त्वावर उभा आहे: जमीन ज्याची, तिच्यासमोरचा समुद्र त्याचा. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत प्रादेशिक समुद्र, २०० मैलांपर्यंत मासेमारी आणि खनिजांचे हक्क देणारे अनन्य आर्थिक क्षेत्र, आणि भूरचना तशी असेल तर त्याही पलीकडे समुद्रतळावरचा हक्क. एक सागरी मैल म्हणजे १८५२ मीटर. हे सारे मोजायचे कुठून, तर त्या देशाने अधिकृत मानलेल्या मोठ्या प्रमाणावरच्या सागरी नकाशात दाखवलेल्या ओहोटीच्या रेषेपासून. ही रेषा स्थिर असते अशी वाचकाची समजूत असते, आणि आमच्या कामातली निम्मी अडचण तिथेच सुरू होते. मुंबईला उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक सुमारे पाच मीटरचा असतो. खंबातच्या आखातात तो दहा मीटरच्या आसपास जातो. किनारा खडकाळ असेल तर एवढ्या फरकाने रेषा फारशी सरकत नाही, पण जिथे चिखलाचे सपाट पट्टे मैलोन्‌मैल पसरलेले असतात तिथे पाण्याची पातळी हातभर उतरली तरी काठ कितीतरी दूर जातो, आणि पावसाळ्यानंतर पाहावे तर चिखलच जागा बदलून बसलेला असतो. अशा ठिकाणी भरतीची पट्टी रोवून महिनाभर दिवसरात्र नोंदी घेतल्यावर जो आकडा हाती येतो, त्याच्यावर पुढे दोनशे मैलांची रेषा तोललेली असते.

आता बंगालच्या उपसागराकडे वळू. बांगलादेशाने ऑक्टोबर २००९ मध्ये भारताविरुद्ध आणि म्यानमारविरुद्ध कराराखालची कार्यवाही सुरू केली. म्यानमारचा निकाल हॅम्बुर्गच्या आंतरराष्ट्रीय सागरी कायदा न्यायाधिकरणाने १४ मार्च २०१२ रोजी दिला आणि भारताचा निकाल हेगच्या स्थायी लवाद न्यायालयात काम पाहणाऱ्या लवादाने ७ जुलै २०१४ रोजी दिला. बांगलादेशाचे म्हणणे साधे होते, आणि माझ्या मते ते न्याय्यही होते. उपसागराचे टोक विळ्याच्या आतल्या बाजूसारखे अंतर्वक्र आहे आणि बांगलादेश त्या वाकणाच्या मध्यभागी बसला आहे. दोन्ही शेजाऱ्यांनी आपापल्या किनाऱ्यापासून सारख्या अंतरावरची समदूर रेषा काढली, तर त्या दोन रेषा पुढे एकमेकींना मिळतात आणि मधल्या देशाच्या वाट्याला निमुळता होत जाणारा तुकडा उरतो. विळ्याच्या आकाराच्या तळ्याकाठी तीन भावांची शेते असतील तर मधल्या भावाची हीच गत होईल. त्यामुळे लवादाने आधी तात्पुरती समदूर रेषा काढली, मग किनाऱ्याच्या वाकणामुळे ती अन्यायकारक ठरते का ते पाहिले, आणि शेवटी ती पश्चिमेकडे वळवून १७७ अंश ३० मिनिटे या दिगंशावर, म्हणजे उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजलेल्या कोनावर, नेली. बांगलादेशाने १८० अंश मागितले होते. वादातल्या सुमारे २५,६०२ चौरस किलोमीटरपैकी १९,४६७ बांगलादेशाला गेले, हा आकडा तुम्ही वाचला असेल. त्यावरून 'भारत हरला' असे म्हणणे मात्र चुकीचे आहे. वादग्रस्त क्षेत्र म्हणजे दोघांच्या मागण्यांमधला पट्टा. ज्याची मागणी ताणलेली असते, त्याच्या वाट्याला त्या पट्ट्यातले कमी येते, आणि सरळ समदूर रेषेची आपली मागणी अशा अंतर्वक्र किनाऱ्यावर टिकणे अवघडच होते.

या प्रकरणातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. १९७० च्या चक्रीवादळानंतर हरिभंगा नदीच्या मुखाशी एक वाळूचे बेट वर आले. आपण त्याला न्यू मूर किंवा पूर्बाशा म्हणत होतो आणि बांगलादेश दक्षिण तालपट्टी. त्याच्यावरून दोन्ही देशांत वर्षानुवर्षे तणाव राहिला, आणि २०१० मध्ये जादवपूर विद्यापीठातल्या संशोधकांनी उपग्रहचित्रांवरून सांगितले की ते बेट पाण्याखाली गेले आहे. लवादाने मोजणीसाठी तिथला बिंदू धरायला नकार दिला. मालकीच्या हट्टाने लढल्या गेलेल्या वादाचा विषयच समुद्राने काढून घेतला आणि उरली ती निव्वळ मोजणी. म्हणून हे प्रकरण सुटू शकले, असे माझे मत आहे. जमिनीवरची सीमा समुद्राला कुठे मिळते, हे मात्र फाळणीची सीमा आखणाऱ्या रॅडक्लिफच्या १९४७ च्या निवाड्यावरून आणि त्याच्या नकाशावरून ठरवावे लागले. तेवढ्यासाठी लवादाचे सदस्य ऑक्टोबर २०१३ मध्ये प्रत्यक्ष किनाऱ्यावर जाऊन आले.

भारताने हा निवाडा मानला, त्याचे श्रेय मी चांगुलपणाला देणार नाही, शहाणपणाला देईन. वादातल्या पाण्यात तेल-वायूचा शोध घ्यायला कोणतीही कंपनी सहसा पैसा घालत नाही. हद्द ठरली की थोडे कमी क्षेत्रही उपयोगाचे होते. पुढच्याच वर्षी जमिनीवरचा करारही अमलात आला. घटनेत शंभरावी दुरुस्ती झाली आणि ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री बांगलादेशातल्या १११ भारतीय आणि भारतातल्या ५१ बांगलादेशी वस्त्यांची अदलाबदल झाली. मूळ करार १९७४ चा होता, म्हणजे त्याला एकेचाळीस वर्षे लागली, आणि दरम्यान त्या वस्त्यांतल्या माणसांना ना धड शाळा मिळाली ना ओळखपत्र.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आता सोपे होईल. फिलिपिन्सने जानेवारी २०१३ मध्ये चीनविरुद्ध कार्यवाही सुरू केली आणि १२ जुलै २०१६ रोजी निवाडा आला. दक्षिण चीन समुद्रातल्या स्प्रॅटली समूहातले कोणते बेट कोणाचे, हे त्या लवादाने ठरवलेलेच नाही. त्याला तो अधिकारच नव्हता, आणि सागरी सीमा आखून देण्याचा विषयही चीनने २००६ मध्ये जाहीरनामा देऊन सक्तीच्या निवाड्याबाहेर काढून ठेवला होता. लवादाने उत्तर दिले ते वेगळ्या प्रश्नाचे: बेटे कोणाचीही असोत, त्यांच्यामुळे समुद्र किती मिळतो? कराराच्या १२१ व्या कलमाप्रमाणे ज्या खडकावर माणसांची वस्ती किंवा स्वतःचे आर्थिक जीवन टिकू शकत नाही, त्याला १२ मैलांचा समुद्र मिळतो, २०० मैलांचे क्षेत्र मिळत नाही. तैवानच्या ताब्यातले इतू आबा हे त्या समूहातले सर्वांत मोठे नैसर्गिक बेट. तिथे धावपट्टी आहे, गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. तेही लवादाने खडकच ठरवले. मिसचीफ रीफ तर भरतीत बुडणारा उंचवटा ठरला, ज्याला स्वतःचा समुद्र काहीच नाही आणि जो फिलिपिन्सच्या आर्थिक क्षेत्रात येतो. चीनने तिथे भराव घालून उभे केलेले बेट कायद्याच्या दृष्टीने काही बदलत नाही.

इथे मी थोडा रेंगाळणार आहे. भरावाखाली गाडल्या गेलेल्या प्रवाळखडकाची मूळ स्थिती काय होती, हे लवादाने शोधले कसे? भराव घालण्याआधीचे जुने सागरी नकाशे, एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश नौदलाच्या सर्वेक्षण-नोंदी, १९३० च्या दशकातल्या जपानी मोजण्या आणि खलाशांसाठी लिहिलेल्या मार्गदर्शिका यांतून. दीडशे वर्षांपूर्वी कोणा जलमापकाने 'ओहोटीत एवढे फूट उघडे पडते' असे वहीत लिहून ठेवले होते. ती नोंद कोणत्या देशाच्या फायद्याची ठरेल याची त्याला कल्पना असणे शक्यच नव्हते. जहाज फुटू नये एवढाच त्याचा हेतू होता, आणि म्हणून ती नोंद विश्वसनीय ठरली. माझ्या हाताखाली शिकलेल्या प्रत्येकाला मी हे सांगत आलो.

जवळजवळ सारा दक्षिण चीन समुद्र आपला दाखवणाऱ्या चीनच्या नऊ तुटक रेषांच्या नकाशाला लवादाने करारापलीकडचे ऐतिहासिक हक्क देणारा आधार मानले नाही. चीनने निवाडा मानला नाही आणि तो मानायला लावील असे पोलीस खाते जगात नाही, हे खरे. पण निवाडा निरुपयोगी झाला असे मला वाटत नाही. त्याआधी त्या समुद्रात प्रत्येक खडक दोनशे मैलांचा दावा सांगत होता. आता किनाऱ्यावरचा छोटा देशसुद्धा आपल्या हक्काची मर्यादा आकड्यात सांगू शकतो. मालकीचा वाद शिल्लकच आहे आणि तो मोजणीने सुटणारही नाही.

मालकीचा वाद आंतरराष्ट्रीय न्यायालयात सुटतो, पण दोन्ही पक्षांनी संमती दिली तरच, आणि तिथे वहिवाट आणि कागद यांचे वजन आपल्या गावच्या तंट्यासारखेच असते. सिपादान आणि लिगितान ही बेटे २००२ मध्ये मलेशियाला मिळाली, कारण कासवांची अंडी गोळा करण्यावरचे नियम, पक्ष्यांसाठी राखीव क्षेत्र, दीपगृहे असा कारभार तिच्या बाजूने चाललेला दिसला. इंडोनेशियाला तसा दाखवता आला नाही. पेड्रा ब्रांका २००८ मध्ये सिंगापूरला मिळाले, आणि त्यात निर्णायक ठरले ते १९५३ मधले एक पत्र, ज्यात जोहोरच्या (आज मलेशियातले राज्य) कार्यवाहक राज्यसचिवाने त्या खडकाच्या मालकीवर आपला दावा नसल्याचे कळवले होते. प्रेआ विहार मंदिर न्यायालयाने १९६२ मध्ये कंबोडियाचे ठरवले. १९०४ च्या करारात सीमा पाणलोटाच्या धारेवरून जावी असे होते, पण फ्रेंच अधिकाऱ्यांनी काढलेल्या नकाशात मंदिर कंबोडियाच्या बाजूला दिसत होते, आणि सयामने, म्हणजे आजच्या थायलंडने, तो नकाशा हरकत न घेता वर्षानुवर्षे वापरला. फेरफाराची नोटीस मिळूनही मुदतीत हरकत न घेणाऱ्या खातेदाराची जी अवस्था होते, तीच ही. न्यायालयाने मंदिर दिले, मात्र आजूबाजूच्या साऱ्या सीमेचा प्रश्न त्याच्यापुढे नव्हता. २००८ पासून तिथे पुन्हा गोळीबार झाले, २०१३ मध्ये न्यायालयाला आपल्याच निकालाचा अर्थ सांगावा लागला, आणि जुलै २०२५ मध्ये त्या सीमेवर पाच दिवस तोफा आणि विमाने वापरली गेली. आपल्या उत्तर सीमेबद्दल इथे एवढेच सांगतो की, जिथे प्रत्यक्ष ताबारेषेचा दोघांनी मान्य केलेला नकाशाच अस्तित्वात नाही, तिथे मोजणीच्या टप्प्यापर्यंत पोहोचणेच बाकी आहे.

आता सर क्रीक. कच्छच्या रणातली ही सुमारे ९६ किलोमीटरची खाडी. १९१४ मध्ये मुंबई सरकारने सिंध आणि कच्छ संस्थान यांच्यातला वाद मिटवणारा ठराव केला. तेव्हा सिंध मुंबई इलाख्यातच होता, ज्या इलाख्याचा गव्हर्नर पावसाळ्यात गणेशखिंडीतल्या बंगल्यात, म्हणजे आजच्या विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत, मुक्कामाला असे. एका प्रांताची आणि एका संस्थानाची आपसातली हद्द ठरवणाऱ्या त्या अधिकाऱ्यांना आपण दोन अण्वस्त्रधारी देशांची सीमा लिहीत आहोत हे स्वप्नातही आले नसेल, आणि ठरावाची भाषा त्यामुळेच सैल राहिली. पाकिस्तान नकाशावरची हिरवी रेषा दाखवतो, जी खाडीच्या पूर्व काठाने जाते. म्हणजे सारी खाडी त्याची. भारत त्याच ठरावाच्या पुढच्या भागाकडे आणि १९२५ च्या नकाशाकडे बोट दाखवतो आणि थॉलवेगचे, म्हणजे होड्या जाण्याच्या प्रवाहाच्या मध्याचे, तत्त्व सांगतो. त्यावर पाकिस्तानचे उत्तर असे की ही खाडी नौकानयनाला योग्यच नाही, आणि आपले प्रत्युत्तर असे की भरतीच्या वेळी होड्या तिथून जातातच. दोन्ही विधाने खरी आहेत. कोणत्या वेळी पाहता यावर ते अवलंबून आहे.

खाडी स्वतः कोणाला मोठी संपत्ती देईल असे नाही. तिचे मोल तिच्या मुखाशी आहे. जमिनीवरची सीमा पूर्व काठाला संपते की मध्यावर, यावर सागरी रेषेचा पहिला बिंदू ठरतो, आणि सुरुवातीला थोडा सरकलेला बिंदू अरबी समुद्रात आत जाता जाता मोठ्या क्षेत्राचा फरक पाडतो. त्यात खाडीचे मुख स्वतः सरकत राहते. २००५ मध्ये जमिनीवरची आणि २००७ मध्ये समुद्रातली संयुक्त मोजणी झाली. दोन्ही देशांच्या जलमापकांनी एकत्र काम केले, आणि निरीक्षणांबाबत त्यांचे जमू शकते हे सिद्ध झाले. म्हणजे मोजणी झाली आहे. अडले आहे ते शंभर वर्षांपूर्वीच्या कागदाचा अर्थ लावण्यावर, आणि तो अर्थ तिसऱ्याने लावावा की नाही यावर.

तिसऱ्याला बोलावण्याचा अनुभव भारताने एकदा घेतला आहे. १९६५ च्या रणातल्या चकमकींनंतर कच्छचा प्रश्न स्वीडनचे न्यायाधीश गुन्नार लागेरग्रेन यांच्या अध्यक्षतेखालच्या लवादाकडे गेला. दोन्ही पक्षांनी सर क्रीकचा भाग त्या लवादाच्या कक्षेबाहेर ठेवला. १९ फेब्रुवारी १९६८ च्या निवाड्यात पाकिस्तानने मागितलेल्या सुमारे नऊ हजार चौरस किलोमीटरपैकी साधारण दहावा हिस्सा त्याला मिळाला. मोजणीच्या दृष्टीने हा भारताला अनुकूल निकाल होता, पण जमीन गेली या भावनेने देशात मोठा विरोध उसळला, सत्याग्रह झाले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. पुढे १९७२ च्या सिमला करारात वाद दोघांनीच मिटवायचे ठरले, आणि भारत त्या भूमिकेवरून हललेला नाही. बांगलादेशाने तो मार्ग वापरला तेव्हा आपण गेलो, मग इथे का नाही, असा तुमचा पुढचा प्रश्न असेल. तिथे प्रश्न समुद्राच्या वाटणीचा होता. इथे समुद्राआधी जमिनीच्या शेवटच्या बिंदूची मालकी ठरवावी लागते, आणि ती सोडल्याची किंमत दोन्हीकडच्या कोणत्याही सरकारला परवडत नाही. भारताने सुचवलेला एक मार्ग मला अजूनही व्यवहार्य वाटतो: खोल समुद्राकडून किनाऱ्याकडे रेषा आखत यावे, जिथे मतभेद सुरू होईल तिथे थांबावे, आणि खाडीचा तुकडा पुढच्या पिढीवर सोपवावा. पाकिस्तान आधी खाडीचा निकाल लागावा यावर अडून आहे. माझे स्पष्ट मत आहे की समुद्रातली शेकडो मैलांची रेषा काही किलोमीटरच्या चिखलासाठी ओलीस ठेवणे दोघांच्याही हिताचे नाही.

राहिला मच्छीमार. खाडीच्या मुखाशी सिंधू नदीचा गाळ येतो, तिथे मासळी चांगली मिळते, आणि गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जाणाऱ्यांत पालघर जिल्ह्यातली आपली माणसेही असतात. त्यांच्या बोटीवर जीपीएस असते. पण दोन देशांनी मान्य केलेली रेषाच नसेल, तर यंत्र त्यांना दाखवणार काय? प्रवाह आणि वारा जाळ्यासकट बोट ओढून नेतात आणि गस्तीची नौका येते. रेषा ठरली म्हणजे हा प्रश्न आपोआप मिटतो असेही समजू नका. श्रीलंकेबरोबर १९७४ आणि १९७६ च्या करारांनी रेषा पक्की झाली, कच्चतीवू बेट त्यांच्याकडे गेले, तरी रामेश्वरमचे मच्छीमार आजही पकडले जातात, कारण रेषा आखताना मासळी कुठल्या पाण्यात आहे आणि तिथे पूर्वापार कोण जात होते, याचा पुरता विचार झाला नाही.

पाकिस्तानबाबत तुमच्या अभ्यासासाठी एक तरतूद नीट वाचून ठेवा. २००८ च्या करारानुसार दोन्ही देश दर वर्षी १ जानेवारी आणि १ जुलै रोजी परस्परांच्या ताब्यातल्या कैद्यांच्या याद्या देतात, ज्यात मच्छीमारांची संख्या वेगळी दाखवली जाते. शिक्षा पूर्ण झाल्यावर आणि राष्ट्रीयत्वाची खात्री पटल्यावर एका महिन्याच्या आत माणसाला परत पाठवायचे, असेही त्यात लिहिलेले आहे. पुढची यादी प्रसिद्ध होईल तेव्हा मच्छीमारांचा आकडा मागच्या यादीशी ताडून पाहा. सर क्रीकचा वाद माणसांना किती महाग पडतो, ते त्यात दिसेल.